नाही म्हणणाऱ्यांची बाजू



देहदान-अवयवदानावरचं व्याख्यान कसं असतं हे तुम्हाला ठाऊक आहे. आधी दधीची ऋषी येतात, मग आकडे येतात, शेवटी विंदा करंदीकरांची ‘देणाऱ्याने देत जावे’ येते आणि अधूनमधून वक्ता समाजाच्या अज्ञानावर कोरडे ओढतो. सभागृहात सगळे माना डोलावतात. कारण अज्ञानी समाज म्हणजे आपण नव्हे, तो बाहेर कुठेतरी असतो. (हशा) आज मी यातलं काही करणार नाही. आज मला ‘नाही’ म्हणणाऱ्यांची बाजू मांडायची आहे.

दचकू नका. माझी सगळी नोकरी शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेली. माझ्या विषयाचा संसार दुसऱ्यांनी दिलेल्या देहांवरच चालतो. दान वाढावं असं मला तुमच्याइतकंच वाटतं. पण लोक नकार का देतात, असं कुणी विचारलं की आपण ‘अंधश्रद्धा’ म्हणतो आणि हात झटकतो. मला हे उत्तर आळशीपणाचं वाटतं. नकार देणाऱ्या माणसाला कारणं असतात. ती नीट ऐकली तर त्यातली पुष्कळशी त्याच्या डोक्यात नसतात, ती आपल्या रुग्णालयांत, कायद्यात आणि कारभारात असतात.

आधी एक घोळ निस्तरू. ‘मी सगळं दान केलंय’ असं सांगणारे अनेकजण भेटतात. सगळं म्हणजे काय? माणूस घरी वारला तर डोळे देता येतात. नेत्रपेढीची माणसं घरी येतात, साधारण सहा तासांच्या आत यावं लागतं, काम पंधरा-वीस मिनिटांचं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या ठेवायच्या, डोक्याखाली उशी द्यायची. चष्मा होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मधुमेह होता, तरी चालतं. त्वचाही देता येते. मांडीवरचा, पाठीवरचा अगदी पातळ थर घेतात. मुंबईत सायनच्या रुग्णालयात आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्याच्या पेढ्या आहेत, भाजलेल्या माणसाचा जीव त्यावर वाचतो. हे झालं की देह वैद्यकीय महाविद्यालयाला देता येतो. पण हृदय, यकृत, मूत्रपिंडं? ती घरी गेलेल्या माणसाची मिळत नाहीत. त्यासाठी बहुतेक वेळा मृत्यू अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर, मेंदूमृत अवस्थेत व्हावा लागतो. आणि ती काढून घेतल्यावर तो देह सहसा आमच्या उपयोगाचा राहत नाही. तेव्हा ‘सगळं’ असं काही नसतं. मरण कसं येतं त्यावर दान ठरतं.

आता पहिला मुद्दा. विच्छेदनाच्या टेबलावर आजवर कोण झोपलं?

इंग्लंडमध्ये 1752 साली कायदा झाला की फाशी दिलेल्या खुन्याचं प्रेत पुरायचं नाही, चिरफाडीला द्यायचं. म्हणजे विच्छेदन ही शिक्षा होती, फाशीच्याही पुढची. पुढे महाविद्यालयं वाढली, खुनी कमी पडू लागले, आणि कबरी उकरून प्रेतं विकणाऱ्यांचा धंदा जोरात आला. 1828 साली एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी तेवढीही तसदी घेतली नाही. त्यांनी सोळा माणसं मारली आणि त्यांची प्रेतं डॉ. रॉबर्ट नॉक्स यांच्या वर्गासाठी विकली. बर्क फासावर गेला, त्याचंही जाहीर विच्छेदन झालं आणि त्याचा सांगाडा तिथल्या विद्यापीठात अजून आहे. मग 1832 साली नवा कायदा आला. त्यानं खुन्यांना वगळलं आणि त्यांच्या जागी कोणाला आणलं? दरिद्री लोकांच्या आश्रयगृहात मेलेल्यांना, ज्यांच्या प्रेतावर हक्क सांगायला कुणी आलं नाही त्यांना. कालपर्यंत जी खुनाची शिक्षा होती ती आता गरिबीला मिळाली. त्याच वर्षी जेरेमी बेंथम वारला. त्यानं स्वतःचा देह आपण होऊन विच्छेदनाला दिला होता. त्याचा सांगाडा कपडे घालून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बसवलेला आहे. माणूस थोडा विक्षिप्त होता, पण श्रीमंताच्या देहालाही चाकू लागू शकतो हे त्यानं दाखवलं.

आपल्याकडे? सुश्रुतानं विच्छेदनासाठी प्रेत कसं तयार करावं ते लिहून ठेवलंय. गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवायचं आणि मग वाळ्याच्या, केसांच्या, बांबूच्या कुंचल्यानं हळूहळू घासत एकेक थर पाहायचा. मग ती विद्या आपण शतकानुशतकं सोडून दिली. 1836 साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेतावर चाकू ठेवला तेव्हा तो क्रांतीचा क्षण ठरला. 1845 साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघालं. आणि स्वातंत्र्यानंतर लगेच, 1949 साली, मुंबईचा ॲनाटॉमी कायदा आला. त्याचा मुख्य आधार काय? बेवारस प्रेत. रुग्णालयात, तुरुंगात, रस्त्यावर मेलेला आणि ठरलेल्या मुदतीत ज्याच्या जवळच्या नातेवाइकांनी हक्क सांगितला नाही असा माणूस.

माझ्या पिढीचे सगळे डॉक्टर अशा माणसांवर शिकले. स्टेशनबाहेरचे हमाल, भिकारी, घर सोडून आलेले, घरच्यांनी सोडलेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आता मला सांगा, सिव्हिलमध्ये आपला माणूस दाखल केलेली गावाकडची बाई ‘कॉलेजवाले बॉडी नेतात’ म्हणून घाबरते, तेव्हा तिला अज्ञानी म्हणायचं? तिला इतिहास आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो तिच्याच लोकांच्या अंगावरून गेलाय.

हे चित्र बदललं ते देहदानामुळे. आज मुंबई, पुणे, नागपूर इथल्या महाविद्यालयांत आपण होऊन अर्ज भरलेले लोक येतात. शिक्षक, बँकेतले कारकून, निवृत्त अधिकारी, गृहिणी. बहुतेक मध्यमवर्ग. आता विद्यार्थी पहिल्या दिवशी टेबलाभोवती उभे राहून शपथ घेतात, हा आपला पहिला गुरू, याचा मान राखू. आमच्या वेळी शपथ नव्हती, नाकाला रुमाल होता.

पण हे लोक देह का देतात? ‘वैद्यकशास्त्राची सेवा’ हे अर्जावर लिहितात. खुर्चीत बसून बोलायला लागले की वेगळं निघतं. एक निवृत्त मास्तर सपत्नीक आले होते. मुलगा न्यू जर्सीला. म्हणाले, “सर, त्याला तेरा दिवसांची रजा कुठून मिळणार? आणि आला तरी त्याला घाट, गुरुजी, अस्थी यातलं काही माहीत नाही. उगाच त्याच्या जिवाला घोर.” बाई म्हणाल्या, “आणि नातेवाइकांची तोंडं.” असे खूप येतात. मला ते अजिबात कमी प्रतीचे दाते वाटत नाहीत. उलट देहदानाची चळवळ जिथे रुजली तिथे ती पुराणातल्या त्यागावर नाही, अशा घरगुती हिशेबावर रुजली. मुलांना त्रास नको, कर्मकांड नको, खर्च नको. ज्यांना कर्मकांड हवं आहे त्यांच्यापर्यंत मात्र ती पोचलेली नाही, आणि त्यांना तुच्छ लेखून ती पोचणारही नाही.

इथे एक कडवट गोष्ट सांगतो. अर्ज भरलेल्या माणसाचा देह महाविद्यालय नाकारू शकतं, हे अर्ज भरून घेताना कुणी सांगत नाही. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू, म्हणजे पोस्टमॉर्टेम, म्हणजे देह घेत नाहीत. काविळीचे काही प्रकार, एचआयव्ही, तसले संसर्ग असले तर घेत नाहीत. मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरचा दाखला नसेल तर घेत नाहीत. करोनात तर जवळपास सगळीकडे बंदच होतं. मग रात्री अकराला मुलगा शववाहिकेत बसून फोनवर फोन करतो आणि पलीकडून ‘सकाळी बघू’ असं ऐकतो. त्या घरातून पुढचा अर्ज येईल का? तो नकार कुणी तयार केला?

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. श्वास चालू असलेल्या माणसाला मृत म्हणायचं कसं?

3 डिसेंबर 1967 ला केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं हृदयरोपण केलं. अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी 1968 मध्ये, परळच्या के.ई.एम.मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तेच धाडस केलं. रुग्ण काही तासच जगला. आपल्याला अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे, पण तारखा बघा. ‘मेंदू कायमचा थांबला म्हणजे मृत्यू’ ही व्याख्या हार्वर्डच्या समितीनं मांडली ती 1968 च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे हृदयं आधी काढली गेली, मृत्यूची व्याख्या नंतर आली. त्याच ऑगस्टमध्ये जपानमध्ये साप्पोरोला डॉ. वाडा यांनी हृदयरोपण केलं. दाता खरंच मृत होता का, घेणाऱ्याला रोपणाची खरंच गरज होती का, असे प्रश्न उठले, खुनाची चौकशी झाली. खटला उभा राहिला नाही, पण जपानी माणसाचा विश्वास गेला तो गेलाच. तिथे मेंदूमृत्यूचा कायदा यायला 1997 साल उजाडलं. एवढा शिकलेला, एवढा शिस्तीचा देश, आणि एका प्रकरणानं एकोणतीस वर्षं अडला. तिथेही आपण ‘अंधश्रद्धा’ म्हणणार का?

आपला प्रत्यारोपणाचा कायदा 1994 चा. त्यातली व्यवस्था चांगली आहे, हे मी मनापासून सांगतो. चार डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि त्यात प्रत्यारोपण करणारा एकही चालत नाही. तपासण्या दोनदा करतात, मध्ये किमान सहा तास सोडून. बाहुल्यांवर उजेड टाकतात, घशाला स्पर्श करून खोकला येतो का पाहतात, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर काढून, फक्त प्राणवायू चालू ठेवून, छाती आपण होऊन एकदा तरी उचलते का ते पाहतात. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की मेंदूत धुगधुगी असलेला माणूस श्वास घेतोच, राहवत नाही त्याला. तोही घेतला नाही, तर तो माणूस गेला. कोमा वेगळा आणि हे वेगळं. कोमातून परत येतात. इथून कुणी परत आलेलं नाही.

हे सगळं बरोबर आहे. पण आता त्या बापाच्या जागी उभे राहा. मुलगा मोटरसायकलवरून पडलाय, हेल्मेट नव्हतं. बाप तालुक्याहून एसटीनं आलाय. काचेतून त्याला काय दिसतं? छाती वरखाली होतेय. हात धरला तर ऊन आहे. मॉनिटरवर रेघ उड्या मारतेय. आणि डॉक्टर सांगतात, तो गेला. त्यापाठोपाठ तेच डॉक्टर, त्याच दमात, अवयवांचं विचारतात. माझ्या परिचयातल्या एका घरी नेमकं असं घडलं, एका मोठ्या रुग्णालयाच्या जिन्यात, उभ्या उभ्या. बाप म्हणाला, “पोरगं श्वास घेतंय आणि तुम्ही वाटण्या करताय?” याला काय उत्तर आहे?

आणि तो बाप ज्या रुग्णालयात उभा आहे तिथे चार दिवस त्याच्याकडे काउंटरवरून पैसे मागितले गेलेत. बिल वाढवायला मेलेल्या माणसाला व्हेंटिलेटरवर ठेवतात, हे आपल्याकडे पानटपरीवरही बोलतात. खरं किती, खोटं किती, तो वेगळा विषय. पण काल ज्याच्यावर बिलाचा विश्वास नव्हता त्याच्यावर आज मृत्यूचा विश्वास कसा ठेवायचा? प्रत्यारोपणाच्या 2014 च्या नियमांत लिहिलंय की संमतीनंतर देह सांभाळण्याचा आणि अवयव काढण्याचा खर्च दात्याच्या घरच्यांवर पडता कामा नये. हे किती जणांना सांगितलं जातं?

यात कायद्याचाही एक गुंता आहे, वकील मंडळी असतील तर त्यांनी ऐकावं. मेंदूमृत्यू म्हणजे मृत्यू, असं आपल्याकडे प्रत्यारोपणाचा कायदा म्हणतो. जन्ममृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात मृत्यूची व्याख्या वेगळी, जुनी आहे, जीवनाची सगळी चिन्हं कायमची नाहीशी होणं. आता घरच्यांनी अवयव द्यायला नकार दिला, तर तो माणूस मृत की जिवंत? व्हेंटिलेटर काढायचा की ठेवायचा? बहुतेक डॉक्टर अशा वेळी हात लावायला कचरतात, आणि हृदय थांबेपर्यंत यंत्र चालू राहतं. याचा अर्थ सामान्य माणूस काय काढेल? अवयव हवे होते तोवर ‘गेला’ म्हणत होते, नाही म्हटल्यावर पुन्हा उपचार सुरू. हा संशय त्याच्या मनात आपण पेरलाय. मेंदूमृत्यू हा सगळ्यांसाठी, सगळ्या कामांसाठी एकच मृत्यू ठरवला, तर अर्धी शंका तिथेच मिटेल.

इथवरचं थोडक्यात सांगतो, कारण मागे काहीजण नंतर आलेत. देहाबाबतची भीती इतिहासातून आली आहे. मेंदूमृत्यूबाबतचा अविश्वास रुग्णालयाच्या वागण्यातून आणि कायद्याच्या दुभंगलेपणातून आला आहे. दोन्हींत बावळटपणा नाही.

धर्माचं काय, असं तुमच्या मनात असेल. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. डोळे दिले तर पुढच्या जन्मी आंधळा होईल, देह पुरा गेला नाही तर पिंडाला कावळा शिवणार नाही, हे मीही ऐकतो. पण अनुभव असा की भरवसा बसला की माणसं धर्मातून वाट काढतात. देह आम्हाला देऊन दहाव्याला घाटावर दर्भाची प्रतिमा करून विधी करणारी घरं मी पाहिली आहेत. सावरकरांनी 1966 साली विद्युतदाहिनीच सांगितली होती, विधी नको म्हणाले होते, तेव्हा भुवया उंचावल्या होत्या. आज शहरात विद्युतदाहिनीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. धर्म आपण समजतो त्यापेक्षा बराच लवचिक असतो, विशेषतः गैरसोय व्हायला लागली की. (हशा)

तिसरा मुद्दा घरात बोलायला अवघड, म्हणून सभेत बोलतो. देतं कोण आणि मिळतं कोणाला?

2023 साली देशात 18 हजारांहून अधिक प्रत्यारोपणं झाली. मृत्यूनंतर अवयव देणाऱ्यांनी त्या वर्षी पहिल्यांदा 1000 चा टप्पा ओलांडला. एवढ्या लोकसंख्येत एवढेच. दर दहा लाखांमागे एकही नाही. मग बाकीचे अवयव कुठून आले? जिवंत माणसांकडून. आणि जिवंत दात्यांत शंभरात साठहून अधिक बायका आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते. घेणारे कोण? 1995 ते 2021 या काळातल्या नोंदी पाहिल्या तर पाचांत चार पुरुष. ‘तो कमावता आहे’ हे कारण दिलं जातं, आणि ती राबती आहे हे कुणी मोजत नाही. नवऱ्याला मूत्रपिंड देणाऱ्या बाईचं आपण कौतुक करतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. बायकोला मूत्रपिंड देणारा नवरा शोधून फोटो छापा, मी अंक विकत घेईन. मृत्यूनंतरचं दान वाढलं तर हे ओझं कमी होईल. मला तर या चळवळीतलं सगळ्यात मोठं कारण हेच वाटतं, आणि त्याचा उच्चार प्रबोधनफेरीच्या फलकावर मी वाचलेला नाही.

मग उपाय काय? दरवर्षी कुणीतरी सुचवतं की सगळ्यांना दातेच समजा, ज्याला नको त्यानं लिहून द्यावं. स्पेनचं उदाहरण देतात. स्पेनमध्ये तसा कायदा 1979 चा आहे, खरं आहे. पण त्या कायद्यानं दहा वर्षं फारसं काही घडलं नाही. घडलं ते 1989 साली राफाएल मातेसान्स यांनी राष्ट्रीय संघटना उभारली आणि रुग्णालया-रुग्णालयात समन्वयक नेमले तेव्हा. हे समन्वयक बहुतेक अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर असतात, घरच्यांशी कसं बोलायचं याचं शिक्षण घेतलेले. आणि कायदा काहीही म्हणो, तिथे घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावत नाहीत. आज तिथे दर दहा लाखांमागे 40 हून अधिक दाते आहेत. कायद्यानं सक्ती करून नव्हे, विचारण्याची पद्धत सुधारून.

आपल्याकडे तमिळनाडूनं हे थोडंफार साधलं. 2008 साली चेन्नईजवळ एका डॉक्टर दांपत्याचा पंधरा वर्षांचा मुलगा अपघातात मेंदूमृत झाला आणि आईबापांनी स्वतःहून अवयव दिले. मेंदूमृत्यू म्हणजे काय हे त्या दोघांना कुणी समजावायची गरज नव्हती, आणि म्हणूनच लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. डॉक्टर स्वतःच्या पोराचं देतात, मग यात काळंबेरं नसणार. 2023 पासून तिथे दात्याला शासकीय इतमामानं निरोप देतात. आपल्याकडेही मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे विभागीय समन्वय केंद्रं आहेत, प्रतीक्षायादी त्यांच्या हातात असते, ओळखीवर अवयव मिळत नाही. 2021 च्या नोव्हेंबरपासून रात्री पोस्टमॉर्टेम करायला परवानगी आहे, म्हणजे अपघाती मृत्यूत पंचनामा आणि उजाडण्याची वाट यांत अवयव वाया जायचे ते कमी व्हावं. 2011 च्या दुरुस्तीपासून कायद्यात प्रत्यारोपण समन्वयकही आला आहे. पण त्याला बसायला खोली आहे का, ते जाऊन बघा. जिन्यात उभं राहून हे बोलता येत नाही. आधी मृत्यू सांगायचा. मग थांबायचं. घरच्यांना काचेतून नव्हे, आत जाऊन, ती श्वासाची तपासणी हवी तर डोळ्यांनी पाहू द्यायची. आणि त्यांच्या तोंडून ‘आता पुढं काय’ हे आल्यावरच दुसऱ्या माणसानं, उपचार करणाऱ्या डॉक्टरनं नव्हे, दानाचं विचारायचं. ते नाही म्हणाले तर का म्हणाले ते लिहून ठेवायचं, त्यांना न दुखावता. त्या वह्या मला कुणी वाचायला दिल्या तर मी पुढचं व्याख्यान त्यावरच देईन.

संयोजकांनी बाहेर टेबलावर अर्ज ठेवले आहेत आणि मी आवाहन करावं अशी त्यांची इच्छा आहे. त्यांची माफी मागून सांगतो, आज सही करू नका. कारण तुमच्या सहीवर काही अडत नाही. तुम्ही गेल्यावर तुमच्या घरच्यांनी नाही म्हटलं तर तो अर्ज, ते कार्ड, कुणी विचारत नाही. अवयवदानाच्या अर्जावर दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक जवळचा नातेवाईक असावा लागतो. व्याख्यानाला शेजारी बसलेले नानासाहेब चालणार नाहीत. तेव्हा अर्ज घरी न्या. जेवताना काढा. ‘अभद्र बोलू नका’ असं पहिल्यांदा ऐकाल, मुलगी उठून जाईल, कदाचित. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा. सून काय म्हणते, भाऊ काय म्हणतो, त्यांना कशाची भीती वाटते, ते ऐका. त्यांचं ‘नाही’ असेल तर तेही ऐका. सही त्यानंतर.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत. चिठ्ठीवर नको, उभं राहून विचारा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.